नावाला पर्याय नसतो

६ जुलै २०२४
सातवीने आज कविता एका सुरात म्हटली. खिडकीजवळचा मुलगा त्यात खणखणीत म्हणत होता. नंतर तेच कडवं एकट्याने म्हणायला उभा राहिला आणि पहिल्याच शब्दावर अडला. मागून कुणीतरी ‘तत-पप’ केलं. त्या पोरांना मी बसवलंच, पण राग भाषेचाही आला. अडखळणाऱ्याला हिणवायला आपण त आणि प हीच अक्षरं घेतली, आणि त्याचं वर्णन करायला ‘तोतरा’. जिथे जीभ अडते तिथूनच तो शब्द सुरू होतो. आपल्याला काय होतं हे त्याने सांगायचं कसं?

९ जुलै
ओळखीच्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे जाऊन आले. त, प, क म्हणताना तोंडातली हवा क्षणभर पूर्ण कोंडते. अनेकांचं तिथेच अडतं. सगळ्यांबरोबर म्हणताना किंवा गाताना तेच शब्द बहुधा सहज सुटतात. लहानपणी सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात, मोठेपणी साधारण १ टक्काच उरतात. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा असतो. म्हणजे ‘घाबरट आहे’, ‘लाडावलंय’ हे सगळं खोटं.

पण मला हलवून गेलं ते वेगळंच. शब्द अडणार हे अडखळणाऱ्या माणसांना आधीच कळतं, आणि बोलता बोलता ती दुसरा शब्द शोधतात. ‘टिळक रोड’ निघेना म्हणून कंडक्टरकडे स्वारगेटचं तिकीट मागायचं, जास्तीचे पैसे द्यायचे आणि आधीच्या स्टॉपवर उतरायचं. केवढा शब्दसाठा लागत असेल त्याला! आपण मात्र त्यांना मंद समजतो. स्वतःच्या नावाला असा पर्याय नसतो. म्हणून पुष्कळांना सगळ्यांत अवघड जातं ते नावच, आणि जग पहिल्यांदा विचारतं तेही नावच.

१२ जुलै
खिडकीजवळच्या त्या मुलाच्या आईशी बोलले. पाहुण्यांसमोर ‘नाव सांग’ म्हणणं त्यांनी कधीच थांबवलंय. त्याची मावशी मात्र ऐकत नाही, असं त्या म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर
अडखळण्याविषयीच्या जागृतीचा आजचा आंतरराष्ट्रीय दिवस १९९८ पासून पाळतात. आमच्याकडे आज सहामाहीच्या तोंडी परीक्षेची बैठक होती. मी म्हटलं, उत्तराला लागणारा वेळ मोजायचा नाही, अडलेलं वाक्य आपण पुरं करून द्यायचं नाही. आणि नाव कशाला विचारायचं? ते यादीत असतंच. एक सर म्हणाले, मग बाकीच्यांवर अन्याय होईल. मी विचारलं, मराठीचे गुण उत्तराला देतो की वेगाला? बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरलं की सातवीची तोंडी मी घेईन आणि वेळेची अट कुणालाच नसेल.