नवनिर्मिती आणि उसनवारी

निखळ नवनिर्मिती शक्य आहे का, हा प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी हाताळला. नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन कवींच्या रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी माणसांमध्ये असते तसे. पहिल्याला स्वतःचा प्राण नसतो, दुसऱ्याचा प्राण क्षीण असतो, म्हणून ते त्याज्य. तिसरे साम्य मात्र त्याने ग्राह्य मानले, कारण चेहरेपट्टी जुळली तरी दोन माणसे वेगळीच असतात. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यातील उसनवारीची तपशीलवार वर्गवारी केली.

शकुंतलेची कथा या विचाराची साक्ष देते. महाभारतातला दुष्यंत सारे आठवत असूनही लोकापवादाच्या भीतीने शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने आपल्या नाटकात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि राजाचा दोष विस्मृतीवर गेला. कथा जुनी राहिली, तिचा गाभा बदलला. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक मराठीत आणले. संहिता कालिदासाची, साकी, दिंडी हे पद्यप्रकारही आधीपासून रुळलेले. तरीही त्यांच्या मेळातून मराठी संगीत नाटकाची परंपरा उभी राहिली.

शून्यातून निर्मिती होत नाही. सामग्री वारशाने मिळते. तिची निवड, जुळणी आणि तिला दिलेला नवा अर्थ मात्र निर्मात्याचा असतो. मौलिकतेची कसोटी तिथेच लागते.