आधी पोती, मग कणसं

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पलूसातनं आम्ही अकरा जण खानापूर तालुक्यातल्या एका गावात वनराई बंधारा घालायला गेलो होतो. आमंत्रण हुरड्याचं होतं हे खरं, पण पावण्यांनी फोनवरच बजावलं होतं, "आधी पोती, मग कणसं."

परतीचा पाऊस बरा झाल्यानं ओढ्याला अजून बारीक धार होती. खताची रिकामी पोती आम्ही इथनंच धुऊन नेली. ऊसपट्ट्यात त्यांना काय तोटा! पोतं गच्च भरायचं नाही. पाऊण भरून तोंड सुतळीनं शिवायचं, म्हणजे ते दबून शेजारच्याला चिकटतं. गच्च पोत्यांत फटी राहतात आणि पाणी तिथनंच पळतं. विटांसारखी सांधेमोड करत थर लावले, वरच्या अंगाला चिकणमाती चोपली, मधी सांडव्याला जागा सोडली. दीडपर्यंत उरकलं.

मग शाळवाच्या कडंला आगटी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, दाणा फुगून वास सुटला की काढून गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. दाणा दुधातनं नुकता चिकात आलेला पाहिजे. चार दिवस उशीर झाला की चावत बसा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. राहुरी विद्यापीठाचं 'फुले मधुर' खास हुरड्यासाठीच आहे, पण इथं घरचंच बियाणं होतं आणि गोडीला कमी नव्हतं.

आगटीभोवती एक आजोबा बसले होते. तरणेपणी त्यांनी बळीराजा धरणावर दगड वाहिलेले. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: येरळेवर बलवडी-तांदुळवाडीला 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतनं लोकांनी हे धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला, अंगमेहनत गावाची, आणि अभियंता के. आर. दाते यांची मदत. पण खरी गोष्ट वाटपाची. पाण्याचा हक्क घरटी, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. जमीन नसलेल्याला पाणी, हे आमच्या नदीकाठाला आजही पचणार नाही, असं माझं मत.

आजोबांनी सहज विचारलं, "तुमच्यात उसाला किती पाणी देता?"

आमच्यातला एक म्हणाला, "लाईट असंल तवर."

सगळे हसले. मग तोच हळूच बोलला, की त्याच्या खालच्या दोन एकरात आता ऊस उगवतच नाही, वर पांढरं मीठ फुटतंय. हसणं थांबलं. पाटपाणी भरमसाट, निचरा नाही, म्हणून कृष्णाकाठच्या कितीतरी रानांची अशी चोपण झाली आहे. हीच येरळा पुढं आपल्या तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर पोत्यानं पाणी आडवायचं आणि खाली पाण्यानंच रान मारायचं, एकाच नदीवर.

त्या दोन एकरासाठी आता सच्छिद्र पाईप गाडून निचऱ्याचं बघतोय. चर नेमका कुठं सोडायचा यावर शेजाऱ्यांची बैठक बाकी आहे, कारण एकट्याच्या रानातनं पाणी बाहेर जातच नाही. कुणी असं गटानं केलं असेल तर खर्च आणि उतार किती ठेवला ते लिहा.

परवा पावण्यांचा फोन आला. बंधाऱ्याखालच्या विहिरीला दोन हात पाणी चढलंय. येत्या रविवारी त्याच ओढ्यावर दुसरा घालायचा आहे, शंभरभर पोती लागतील. धुऊन आणा. हुरडा संपत आलाय, लवकर सांगा.