चोर खिडकी, सांबर आणि मावशीचा अलार्म

गेल्या दोन महिन्यांत नात्यातल्या तीन घरांतून एकच प्रश्न आला, घराला अलार्म लावायचा का? आणि लावला तर विम्याचे पैसे मिळतात का? फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, नाहीतर पुन्हा फोन येणारच :)

कारण सगळ्यांना माहीत आहे. तुकुमला मावशीकडे चोरी झाली. मे महिना, ती तीन आठवडे पुण्याला लेकीकडे, घराला कुलूप. कडी-कोयंडा उचकटून लोक आत शिरले आणि कपाट रिकामं करून गेले. मावशी सोन्याबद्दल फारसं बोलत नाही. "सोनं गेलं त गेलं गा, पन कोनीतरी माझ्या कपाटात हात घातला नं," एवढंच म्हणते. तेव्हापासून ती कुठेही मुक्कामाला जात नाही. नागपूरचं लग्नसुद्धा सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळच्या बसनं परत. माझ्या दृष्टीनं खरं नुकसान हे आहे, आणि ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाही.

बाकीचं नुकसानही बसलं नाही म्हणा. वरचा मजला बांधताना काढलेल्या कर्जाबरोबर बँकेनं एक पॉलिसी दिली होती, 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या ही ठरावीक मजकुराची पॉलिसी विकतात. तशी चांगली आहे. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दंगल सगळं त्यात आहे. पण चोरी? ती फक्त अशा एखाद्या संकटामुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झाली तरच. म्हणजे पूर आला, भिंत पडली आणि त्या गोंधळात कोणी टीव्ही उचलून नेला, तर भरपाई. भर उन्हाळ्यात कुलूप तोडून नेला, तर नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दागिने त्यात वेगळे लिहावे लागतात. 'घराचा विमा आहे' असं म्हणणाऱ्या किती जणांनी हे पान उघडून पाहिलंय?

मावशीच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका घराची गोष्ट याच्या उलटी. त्यांच्याकडे घरफोडीचा विमा होता, पण किल्ली मीटरच्या पेटीत ठेवायची सवय. चोरानं किल्ली काढली, दार उघडलं, सामान नेलं, वर पुन्हा कुलूप लावून गेला (सभ्य माणूस!). कंपनीनं दावा नाकारला, कारण जबरदस्तीनं शिरल्याची खूण नाही. ऐकायला अन्याय वाटतो, पण युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच म्हटलं. पॉलिसीत 'बळजबरीनं प्रवेश' असे शब्द असतील, तर नुसती चोरी पुरेशी नाही. कायद्याच्या लेखी ती चोरीच, विम्याच्या लेखी मात्र नाही. तेव्हा किल्ल्या कुंडीखाली ठेवणाऱ्यांनी विचार करावा.

आता अलार्म. लेस्टरच्या चुलतभावानं लगेच मेल पाठवली, "ग्रेड २ चा बसवा." तिकडे ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे, धोक्याप्रमाणे चार ग्रेड. साध्या घराला बहुधा दुसरा. विमा कंपनी तिकडे कधी कधी अटच घालते, की अलार्म मान्यताप्राप्त माणसानं बसवलेला हवा, दरवर्षी तपासलेला हवा आणि बाहेर जाताना चालू केलेला हवा. बंद ठेवून गेलात तर दावा अडकू शकतो. आपल्याकडे घरगुती विम्याला अशी सक्ती सहसा नसते. पण सवलतीसाठी अर्जात 'अलार्म आहे' असं लिहिलंत, तर तो चालू ठेवणं तुमच्या गळ्यात पडलं असं समजा.

त्या मानकातली एक गोष्ट मात्र आपल्याकडेही घेण्यासारखी आहे. ग्रेड १ आणि २ मध्ये वीज गेल्यावर बॅटरीनं बारा तास तग धरायला हवा. चंद्रपूरच्या उन्हात ती शिसे-आम्लाची छोटी बॅटरी लवकर मरते. तिकडचं आयुष्य इथे धरू नका.

आणि सगळ्यात गमतीचा भाग सेन्सरचा. खोलीच्या कोपऱ्यात लावतात तो पांढरा डबा माणूस 'बघत' नाही. भिंती आणि माणूस यांच्या उष्णतेतला फरक हलताना दिसला की तो ओरडतो. थंड देशात हे उत्तम. पण मे महिन्यात, बंद घरात, स्लॅबखालची खोली माणसाच्या अंगाइतकीच तापलेली असते. फरकच उरला नाही तर डबा काय ओळखणार? चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी सुधारणा असते, तरी जोर कमी होतोच. नेमक्या ज्या महिन्यात लोक गावाला जातात त्याच महिन्यात! म्हणून आपल्याकडे दाराखिडक्यांना लावायचे चुंबकाचे स्विच जास्त भरवशाचे. दार उघडलं की वाजलं, ऊन असो की थंडी. पावसाळ्यात त्या डब्यावर पाल चढली की तो उगाच बोंबलतो, ते वेगळंच.

उगाच बोंबलण्यावरून आठवलं. ताडोब्याच्या गाईडला विचारा. चितळ ओरडलं तर तो कान देतो, पण सांबर ओरडलं की जिप्सी तिकडेच वळवतो. चितळ कशालाही दचकतं. घरचा अलार्म चितळासारखा झाला की शेजारी उठायचे बंद होतात.

(चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यातल्या एकीचं नावच चोर खिडकी! असो.)

भामरागडच्या मास्तर दादाला मात्र मी अलार्म नको म्हणून सांगितलं. पर्लकोटेला पूर आला की तिथे रस्ता बंद होतो, टॉवर गेला की मोबाइलवर संदेश पाठवणारं यंत्र मुकं. त्याच्यासाठी ती 'भारत गृह रक्षा'च योग्य. भाड्याच्या घरातल्या सामानाचाही विमा काढता येतो, आणि पूर तर त्यात आहेच.

मावशीकडे आम्ही दोन दारांना आणि मागच्या खिडकीला स्विच लावले, गच्चीखाली एक भोंगा आणि तिच्या पलंगाजवळ एक बटण. घरफोडीचा वेगळा विमा काढला. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराची बिलं माझ्याकडेही ठेवली. पोलिसांत तक्रार झालीच होती. अशा दाव्यात तपास लागला नाही तर कंपनी 'अ समरी'चा कागद मागते, तो लागेल तेव्हा मिळवायला खेटे पडतात, हेही सांगून ठेवतो. दर महिन्याच्या एक तारखेला समोरच्या वहिनी दार उघडून भोंगा वाजतो का ते बघतात आणि कॅलेंडरवर खूण करतात.

दिवाळीनंतर मावशीला चार दिवस पुण्याला न्यायचं घाटतंय. अजून "बघू" म्हणते. तिच्या घरी फोन कराल तेव्हा अलार्मचं नाही, नातवाचं बोला.