घाटकोपर ते मनोरी : लाव्हावरच्या पायवाटा

मुंबईची उपनगरे लाव्हावर उभी आहेत. घाटकोपर-पवईच्या टेकड्या, मुलुंडमागची डोंगररांग, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, अंधेरीचा गिल्बर्ट हिल आणि मनोरी-गोराईचा समुद्रकाठचा कातळ ही सगळी दख्खनच्या ज्वालामुखीची करणी आहे. लोकलने उतरून सकाळच्या दोन-चार तासांत चालून होतील अशा वाटा या भागात आहेत. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसालाही येथे नव्याने शिकावे लागते, कारण येथील खडक घाटातल्या खडकासारखा वागत नाही.

घाटात लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. कडा, मग उतार, पुन्हा कडा, असा जिन्यासारखा आकार त्यातूनच येतो. ‘दख्खन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा मुळात जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. पनवेलच्या आसपास मात्र हे थर पश्चिमेकडे वाकतात आणि तेथून मुंबईपर्यंत समुद्राच्या दिशेने कललेलेच राहतात. हा कल अनेक ठिकाणी 10 अंशांहून जास्त भरतो. भूशास्त्रज्ञ याला पनवेलचा वाक म्हणतात. सेशेल्सचा भूखंड भारतापासून अलग झाला, त्या काळात पश्चिम किनाऱ्याची कड खाली वाकली, असा त्याचा उलगडा केला जातो.

दुसरा फरक वयाचा. दख्खनच्या लाव्हाचा मुख्य लोट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. मुंबईतले अनेक खडक त्याहून काही दशलक्ष वर्षांनी लहान आहेत. घाटातले उद्रेक थंडावल्यावरही या किनाऱ्यावर ज्वालामुखी जागाच होता. आणि त्याची तऱ्हाही निराळी होती. घाटात पातळ बेसॉल्ट शांतपणे दूरवर वाहत गेला. मुंबईत त्याच्या जोडीला फिकट रंगाचे, सिलिका जास्त असलेले ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट आले, स्फोट होऊन राख उडाली, आणि अधूनमधून सगळे शांत झाले तेव्हा उथळ पाण्याची तळी साचली. वरळी आणि मलबार हिलच्या परिसरात अशा तळ्यांच्या गाळात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले आहेत. पाण्यात शिरलेला लाव्हा उशांच्या ढिगासारखा गोळ्यागोळ्यांनी थिजतो. तशा उशाही मुंबईत आढळल्या आहेत. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्रा. सुखेश्वाला आणि त्यांचे सहलेखक पोल्डरव्हार्ट यांनी मुंबई परिसराच्या बेसॉल्टवरचा आपला अभ्यास 1958 साली प्रसिद्ध केला. पुढच्या बहुतेक संशोधनाचा पाया तोच.

थरांचा कल पाहायचा तर सुरुवात पूर्व उपनगरांतून करावी. घाटकोपर ते पवई या टेकड्यांत लाव्हाचे थर आणि त्यांना चिरत गेलेल्या भित्ती, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या पट्ट्या, आजही ओळखता येतात. वस्ती माथ्यापर्यंत चढल्यामुळे सलग वाट उरलेली नाही. या उतारांवर कातळाची झीज होऊन मुरूम आणि माती झाली आहे. जुलै 2000 मध्ये घाटकोपरला दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गेली. कललेला, झिजलेला, पावसाने भिजलेला उतार म्हणजे काय, हे या टेकड्यांवर चालणाऱ्याने विसरू नये. पावसाळ्यात येथे जाऊच नये.

उपनगरांतली सर्वांत समृद्ध वाट कान्हेरीची. बोरिवली पूर्वेला असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची सडक जंगलातून जाते. चालत गेले तर खडकात होणारे बदल कडेच्या उघड्या कातळात टिपता येतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे या डोंगरात खोदकाम चालले आणि शंभराहून अधिक लेणी तयार झाली. इतक्या मोठ्या प्रमाणावर येथेच का खोदले, याचे एक उत्तर भिंतीला डोळा लावून मिळते. येथील कातळ घाटातल्यासारखा एकसंध काळा पाषाण नाही. करड्या, राखेच्या घट्ट झालेल्या लगद्यात नखाएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंतचे कोनदार तुकडे रुतलेले आहेत. कडा तुटक, टोके तीक्ष्ण, रंग काही काळे, काही तांबूस, काही हिरवट. तुकडे वाहत आले असते तर घासून गोल झाले असते. ते कोनदार राहिले, कारण स्फोटात फुटून ते जवळच पडले आणि राखेत गाडले गेले. या खडकाला ब्रेशिया म्हणतात. छिन्नीला तो बेसॉल्टपेक्षा सोपा जातो, आणि तरी छत पेलण्याइतका मजबूत असतो.

या सोपेपणाची किंमतही खडकच दाखवतो. राखेचा लगदा आधी झिजतो आणि तुकडे मागे राहतात किंवा निखळतात. त्यामुळे अनेक खांबांना आणि मूर्तींना देवी आल्यासारखे व्रण पडले आहेत. लेणे क्रमांक 3 च्या भव्य चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या उंच बुद्धमूर्ती पाहताना मूर्तीच्या अंगातले हे तुकडे जरूर शोधावेत. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणीही अशाच ज्वालामुखी ब्रेशियात खोदलेली आहेत आणि त्यांची झीज त्याच जातीची आहे.

कान्हेरीची खरी पायवाट चैत्यगृहाच्या वर सुरू होते. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी लेण्यांच्या रांगा एकमेकींना जोडल्या आहेत, आणि लेण्याच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. येथील शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. उतारावर हातभर रुंदीच्या पन्हळी कोरून पावसाचे पाणी या पोढ्यांत वळवलेले दिसते. ओंजळभर पाणी पन्हळीत सोडले की ते कोणत्या टाक्याकडे जाते हे लगेच कळते. माथ्यावर पोहोचल्यावर एकीकडे जंगल आणि दुसरीकडे पश्चिम उपनगरांच्या इमारती असा देखावा मिळतो. उद्यानातले सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, 468 मीटर. तेथील आणि शिलोंडा ओढ्याची वाट परवानगीखेरीज चालता येत नाही; वनविभागाची मुभा आणि सोबत वाटाड्या लागतो. हा बिबट्याचा मुलूख आहे, तेव्हा संध्याकाळच्या आत बाहेर पडणे भाग आहे. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात.

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल ही वाट म्हणून फार लहान: कातळातल्या पायऱ्या चढून माथ्यावरच्या गावदेवी आणि दुर्गामातेच्या देवळांपर्यंत जायचे, इतकेच. पण भूशास्त्राच्या दृष्टीने मुंबईत याच्या तोडीचे स्थळ नाही. सुमारे 61 मीटर उंचीची ही टेकडी उभ्या स्तंभांच्या जुडीसारखी दिसते. निवणारा लाव्हा आकसतो, त्याला तडे जातात, ते बहुकोनी जाळ्यासारखे जोडले जातात आणि थंडावा आत शिरत जाईल तसे खोल उतरतात; उन्हात सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तसेच, फक्त कित्येक मीटर खोल. हेतु शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी यांनी 2001 साली ‘करंट सायन्स’मध्ये या खडकाचे वय सुमारे 6 कोटी 5 लाख वर्षे असल्याचे दाखवले. पाट्यांवर आणि बातम्यांत मात्र अजूनही 6 कोटी 60 लाख वर्षे लिहिले जाते, ते दुरुस्त व्हायला हवे. टेकडीला 1952 साली कायद्याचे संरक्षण मिळाले आणि 2007 साली महापालिकेने तिला वारसा दर्जा दिला. एवढे होऊनही इमारती पायथ्याला भिडल्या आहेत. माथ्यावरून शहर दिसते, स्तंभ दिसतात ते खालून. म्हणून चढण्याआधी टेकडीला शक्य तेवढा वळसा घालावा.

फिकट खडकांसाठी मालाडच्या पश्चिमेला जावे लागते. दक्षिण मुंबईतल्या जुन्या वास्तूंतला पिवळसर ‘मालाड स्टोन’ हा ट्रॅकाइटच. जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात तो कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टच्या जोडीने वापरलेला आहे. खाणीत पाहण्यापेक्षा हा खडक मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर पाहावा. तेथे फिकट ट्रॅकाइटमध्ये काळ्या बेसॉल्टचे गोळे, पट्टे आणि ओघळ गुंतलेले आहेत. काही काळ्या गोळ्यांची कड लाटालाटांची आहे, काहींची फिकट खडकात विरघळत गेली आहे, आणि मधल्या जागी दोन्हींचा मिश्र करडा खडक झाला आहे. दोन वेगळ्या जातींचे रस एकाच वेळी तप्त आणि द्रवरूप असताना भेटले, याचा इतका उघडा पुरावा क्वचित मिळतो. येथे हातोडा चालवू नये. एक तुकडा फोडला की ती कड कायमची गेली. हे खडक भरतीत पाण्याखाली जातात, तेव्हा ओहोटीची वेळ पाहूनच मार्वे जेट्टीवरून मनोरीची होडी धरावी.