ठरावाआधीची चर्चा

नागपूर,
१२ जून

चि. सोनूस,


तुझ्या संस्थेचा पाच वर्षांचा आराखडा दोनदा वाचला. तुझी मेहनत दिसते, मुलांबद्दलची कळकळही दिसते. सोमवारच्या सभेत तो एकमताने मंजूर करून घ्यायचा, असं तू लिहिलं आहेस. तेवढं करू नकोस, हे सांगायलाच हे पत्र.

हात सगळेच वर करतील. तू नवी संचालक, पगारपत्रकावर सही तुझी. तुझ्यासमोर नाही कोण म्हणणार? सभा संपली की प्रत्येक जण जुनंच काम जुन्याच रीतीने करू लागेल. तिसऱ्या पानावर तू वसतिगृहातले अभ्यासवर्ग संध्याकाळी सहा ते आठ ठेवलेस. म्हणजे पंगत साडेआठला. स्वयंपाकघरातल्या मावश्यांची शेवटची एसटी आठची असते ना? मग वाढणार कोण, भांडी कोण घासणार? सभेत हे कुणी बोलणार नाही, कारण मावश्यांना सभेचं बोलावणंच नाही.

सगळ्यांना बोलू देऊन ठरवणारं एक गाव आहे, गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा लेखा. तू गडचिरोली पाहिली नाहीस, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा पुष्कळांना ठाऊक असते. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची बसून ठरवायची रीत. ग्रामसभेत बायका-पुरुष दोघंही बसतात आणि बहुमत मोजलं जात नाही. एकालाही पटलं नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. जोडीला गावाचा अभ्यासगट आहे. तिथे निर्णय घ्यायचाच नसतो, नुसतं समजून घ्यायचं असतं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा कार्यकर्ता तिथे बसे, कायदा समजावून सांगे. ठरवायचं मात्र गावाने. देवाजी तोफांसारखा पुढारी त्या गावाला लाभला हे खरंच, पण त्यांचाही शब्द सभेच्या वर नाही.

हे वेळखाऊ आहे, अशी तुझी पहिली हरकत असेल. आहेच. पण त्या वेळेचं काय झालं ते बघ. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. कागद हाती आला, तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वन खातं देईना. बांबू हे लाकूड की गौण वनोपज, यावर घोडं अडलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वरून आलेला कार्यक्रम असता तर मधल्या काळात लोक पांगले असते. हे टिकले, कारण जंगल आपण राखायचं हे प्रत्येक घराने स्वतः बोलून ठरवलं होतं. पुढे २०१३ मध्ये त्यांनी ग्रामदान स्वीकारलं, स्वतःच्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. शेतकरी माणूस असा निर्णय कुणाच्या भिडेने घेत नाही, सोनू.

तुझी संस्था म्हणजे गाव नव्हे, हे मला कळतं. अनुदानाच्या तारखा असतात, हिशेब द्यायचा असतो. छपराची दुरुस्ती, संगणकांची खरेदी हे तू खुशाल एकटीने ठरव. तिथे सर्वसहमतीचा हट्ट धरलास तर पावसाळा निघून जाईल. पण ज्या कामात दुसऱ्याची संध्याकाळ जाणार, दुसऱ्याची दगदग वाढणार, तिथे त्याला नाही म्हणायची सोय हवी, आणि त्या नकाराचा त्याला पुढे त्रास होणार नाही याची खात्रीही. विरोध करणाऱ्याला आडमुठा समजू नकोस. बहुतेक वेळा आपल्या योजनेतलं भोक त्यालाच आधी दिसलेलं असतं.

तेव्हा सोमवारची सभा घे, पण ठराव मांडू नकोस. मावश्या, अधीक्षक बाई, रात्रीचा पहारेकरी, सगळ्यांना बोलाव. आराखडा मोठ्याने वाचून दाखव आणि तू शेवटी बोल. त्यांनी खोडलेलं आणि वाढवलेलं सगळं लिहून घे, महिनाभराने पुन्हा बसा. मंजुरी तेव्हा घे. ती सुधारलेली प्रत मला पाठव.

तुझा,
मामा