पेकिंगच्या बागेतील ‘लूटी’

पेइचिंग शहराच्या वायव्येस, दोन नामांकित विद्यापीठांच्या शेजारी, युआनमिंगयुआन या नावाची एक विस्तीर्ण बाग आहे. बाग म्हणावयाचे ते केवळ रूढीने. वस्तुतः ते एका जळालेल्या राजवैभवाचे रान होय. सुमारे साडेतीनशे हेक्टरांच्या त्या परिसरात तळी आहेत, पूल आहेत, उन्हाळ्यात दूरवर कमळेच कमळे फुललेली दिसतात. परंतु ज्या महालांसाठी ही तळी खोदली ते लाकडी महाल मात्र नाहीत. ईशान्येच्या कोपऱ्यात युरोपीय धाटणीच्या संगमरवरी इमारती होत्या. दगड जळत नाही म्हणून त्यांचे खांब आणि कोरीव तुळया आजही आडव्यातिडव्या पडलेल्या दिसतात.

चिरंजीव नोकरीनिमित्त पेइचिंगला असल्यामुळे आम्हां उभयतांस ही बाग सावकाश पाहता आली. संगमरवरी अवशेषांत एका कारंज्याचे कोरडे कुंड आहे. अठराव्या शतकात सम्राट च्येनलुंग याने आपल्या दरबारातील जेझुइट पाद्र्यांकडून ते करवून घेतले. कुंडाच्या दोहों बाजूंस बारा आकृती बसविलेल्या असत. धड माणसाचे आणि मस्तक चिनी राशिचक्रातील प्राण्याचे. दर दोन तासांनी एकेका प्राण्याच्या मुखातून पाणी उडे आणि माध्यान्ही बाराही मुखांतून एकदम कारंजी सुटत. पाण्याचे घड्याळच ते! बारा ब्राँझ मस्तकांपैकी सात गेल्या काही वर्षांत चीनला परत मिळाली आहेत. जी पाच मिळाली नाहीत त्यांत कुत्र्याचे मस्तक आहे. सायंकाळी सात ते नऊ ही त्याची वेळ.

आमच्या मनात मात्र त्या बागेत दुसरेच एक कुत्रे घोळत होते. ब्राँझचे नव्हे, हाडामांसाचे.

1860 साली इंग्रज व फ्रेंच यांच्या संयुक्त सेना चीनच्या राजधानीवर चालून गेल्या. अफूचे दुसरे युद्ध म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहे, त्याचा हा शेवटचा अंक. सम्राट श्येनफंग सप्टेंबरात राजधानी सोडून उत्तरेस निघून गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सैन्य या बागेत शिरले आणि लूट सुरू झाली. वाटाघाटींसाठी गेलेल्या मंडळींना चिनी अधिकाऱ्यांनी कैद करून हालहाल केले होते. त्यांतील कित्येक मेले. त्यांच्या सोबत ‘फेन्स हॉर्स’ या रिसाल्याचे हिंदी स्वारही होते, हे आपण विसरता कामा नये. या कृत्याची शिक्षा म्हणून लॉर्ड एल्गिन याने 18 ऑक्टोबर रोजी सबंध बाग जाळण्याचा हुकूम दिला. हाच एल्गिन पुढे 1862 साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि दुसऱ्याच वर्षी धर्मशाळा येथे मरण पावला. तेथील देवदारांच्या सावलीतल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. हिमाचलात जाणारे आपले यात्रेकरू कित्येकदा तिच्यावरून पुढे जातात.

ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना या मोहिमेतील काही नावे ओळखीची वाटतील. सरसेनापती होप ग्रँट हा दिल्ली व लखनौच्या लढायांतून आलेला. दुसऱ्या डिव्हिजनचा सेनापती रॉबर्ट नेपियर. ज्याने जून 1858 मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर तात्या टोप्यांचा पाठलाग करून जावरा-अलीपूर येथे त्यांच्या फौजेचा पराभव केला, तोच हा. पंजाबी आणि शीख पलटणी, मद्रासचे सॅपर्स, प्रोबिनचा रिसाला, सारे समुद्रमार्गे चीनला नेलेले. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या लुटीची हकीकत ज्यांनी वाचली असेल, त्यांना पेकिंगच्या बागेत काय घडले असेल हे निराळे सांगावयास नको. मध्ये अवघी अडीच वर्षे गेलेली. आणि येथेही लुटणाऱ्यांत आपले लोक होते. सापडलेल्या मालाचा ग्रँटने लिलाव करविला आणि आलेला पैसा दर्जाप्रमाणे वाटून दिला.

या धामधुमीत बागेतील एका दालनात पाच लहान कुत्री जिवंत सापडली. राजघराण्यातील एका वृद्ध स्त्रीने आत्महत्या केली आणि ही कुत्री तिच्या प्रेताजवळ होती, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. दोन कुत्री लॉर्ड जॉन हे या आरमारी अधिकाऱ्याने नेली, दोन सर जॉर्ज फिट्झरॉय याने, आणि एक 99व्या पलटणीच्या कॅप्टन डन याने. डनने ते 1861 साली व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्याच वर्षी त्याचे मोहिमेवरील पुस्तकही निघाले. त्याचे नाव ‘फ्रॉम कलकत्ता टु पेकिन’.

राणीच्या घरी या कुत्र्याचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’.

हे नाव प्रथम वाचले तेव्हा आम्ही चपापलोच. शब्द आपला! संस्कृतातील ‘लुण्ठ्’ धातूपासून आलेली ‘लूट’ कंपनी सरकारच्या अमदानीत इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलली आणि आपल्या कोशात घातली. दक्षिणेत व उत्तरेत लढणाऱ्या गोऱ्या शिपायाच्या तोंडी तो शब्द इतका बसला, की पेकिंगहून आणलेल्या मुक्या जनावराचे बारसे करताना तोच सुचला. त्यात कोणाला लाज वाटल्याचे दिसत नाही. उलट कौतुकच असावे. मराठी माणसाने या शब्दावरून इंग्रजांना फार नाके मुरडू नयेत, हेही खरे. सुरतेपासून बंगालपर्यंत आपल्या पूर्वजांच्या संदर्भात तो वापरला गेलेलाच आहे. तथापि लुटीचे नाव प्रेमाने मांडीवर घेऊन कुरवाळण्याची कल्पना आपल्याकडे कोणास सुचल्याचे आमच्या वाचनात नाही.

राणीने फ्रीड्रिश काइल या चित्रकाराकडून 1861 मध्ये लूटीचे चित्र काढविले. ते अजून राजसंग्रहात आहे. चित्रातील प्राणी तांबूस-पांढरा, चिमुकला आणि किंचित उदास दिसतो. 1872 साली लूटी मरण पावले. अकरा वर्षे ते परक्या देशात राहिले. कुत्र्याच्या हिशेबाने सबंध आयुष्यच.

या जातीला आज जग ‘पेकिंगीज’ म्हणते. चिनी दरबारात तिला सिंहाचे कुत्रे मानीत. मौज अशी, की चीनमध्ये सिंह नव्हतेच. सिंहाची कल्पना तेथे प्रामुख्याने बौद्ध धर्माबरोबर रुजली. बोधिसत्त्व मंजुश्रीचे वाहन सिंह, तेव्हा चिनी कलावंतांनी न पाहिलेला सिंह कल्पनेने घडविला: गोल डोळे, चपटे नाक, मानेभोवती कुरळी आयाळ. मग त्या सिंहासारखे दिसणारे कुत्रे हवेसे झाले. दगडी सिंहाकडे पाहून कुत्रे घडविण्याचा हा प्रकार जगात विरळाच. अगदी लहान कुत्री अंगरख्याच्या लांबरुंद बाहीत ठेवीत. राजवाड्यात त्यांची देखभाल खोजांकडे असे, आणि 1908 साली निधन पावलेल्या त्सीशी राजमातेला त्यांचा विलक्षण लळा होता. 2004 साली पंच्याऐंशी जातींच्या कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याची जी तपासणी प्रसिद्ध झाली, तीत हे मांडीवरचे कुत्रे लांडग्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या प्राचीन जातींत निघाले! तिबेटचा ल्हासा अप्सोही त्याच पंक्तीत.

इंग्लंडात 1896 साली आह कम आणि मिमोसा ही आणखी एक जोडी आली आणि वंश वाढला. आह कमचे पेंढा भरलेले शरीर ट्रिंग गावच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. अमीर-उमरावांच्या घरांत या कुत्र्यांची चढाओढ सुरू झाली. 1912 साली टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेल्या तीन कुत्र्यांपैकी एक पेकिंगीज होते. त्याचे नाव चक्क सन यत्-सेन! ज्या वर्षी चीनची बादशाही संपली त्याच वर्षी तिला संपविणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाचे हे दरबारी कुत्रे होडीत बसून सुखरूप पार पडले.

पण चढाओढीचे फळ कुत्र्यांनी भोगले. लूटीच्या चित्रात थोडके का होईना, पण तोंड पुढे आलेले स्पष्ट दिसते. पुढे प्रदर्शनांतील बक्षिसांपायी नाक अधिकाधिक आत दाबले गेले, केस जमिनीवर लोळू लागले. आज अशा कित्येक कुत्र्यांना साधा श्वास घेणे जड जाते, डोळ्यांना इजा होते, आणि उष्णता तर मुळीच सोसत नाही. 2008 मध्ये बीबीसीच्या एका चित्रपटाने ही गोष्ट चव्हाट्यावर मांडल्यावर ब्रिटनच्या केनेल क्लबला या जातीची लक्षणे बदलून लिहावी लागली. आपल्याकडे हैदराबाद-बडोद्याच्या उन्हाळ्यात हे कुत्रे हौसेने पाळू इच्छिणाऱ्यांनी याचा पूर्ण विचार करावा, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते.

चीनमध्ये काय झाले? क्रांतीनंतर शहरातील पाळीव कुत्र्यांवर फार वाईट दिवस आले. 1995 साली पेइचिंगमध्ये नियम झाला तो असा, की मध्यवर्ती भागात पस्तीस सेंटिमीटरांहून उंच कुत्रे पाळता येणार नाही. मोठ्यांना मज्जाव, लहानांना मुभा. या नियमाने राजवाड्यातील कुत्रे गल्लीबोळांत आले. लोक त्यास ‘चिंगपा’ म्हणतात.

परतताना बागेच्या दाराबाहेर एक आजोबा असेच एक कुत्रे घेऊन बाकावर बसले होते. नाक इंग्रजी प्रदर्शनांतल्याइतके दबलेले नव्हते. श्वास मोकळा होता. सूनबाईंनी चिनी भाषेत नाव विचारले. आजोबांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले ते नाव त्या बोलीत अगदी साधे होते. सूनबाईंनी अर्थ सांगितला, ‘बाळ’.