बोकडाची आई

बकरी ईद जवळ आली की आमच्या कल्याणच्या गल्लीत बोकडाशिवाय दुसरा विषय नसतो. केवढ्याला घेतला, दात किती, वजन किती. मुलं त्याला भिजवलेले चणे भरवतात. त्याच्या आईचा विषय मात्र कुणी काढत नाही.

माझी फुफी मुरबाड तालुक्यात राहते. तिच्या पाच बकऱ्या माळावर चरून येतात. गेल्या मे महिन्यात त्यातली एक व्याली. दोन करडं, दोन्ही काटकुळी. कासेत दूध नव्हतं. सकाळपर्यंत एक करडू गेलं. फुफी म्हणाली, "अल्लाहची मर्जी."

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचा दीड महिना काय खायला घातलंत?"

"रोजचंच, माळावरचं. जास्त दिलं तर करडू मोठं होऊन अडतं ना?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बकरी पाच महिने गाभण असते, पण करडाची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांत होते. पोटात जुळी असली की कोठीपोटाला जागा कमी पडते, तिला एका वेळी फार खाता येत नाही. त्यात मे महिन्यातला माळ वाळलेला. भाताच्या पेंढ्याने पोट भरतं, ताकद येत नाही. मग ती अंगातली चरबी जाळते. ते हाताबाहेर गेलं तर खाणं सोडते, बसून राहते, मरतेही. फार लठ्ठ बकरी व्यायला अडते हे खरं, पण माळावर चरणारी बकरी लठ्ठ होते कुठे?

यंदा फुफीने शेवटचा दीड महिना मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि गव्हाचा कोंडा एकत्र करून दिला. सुरुवात एका मुठीने, मग हळूहळू वाढवत रोज पाव किलोपर्यंत, दोन वेळांत विभागून. एकदम जास्त धान्य दिलं तर अपचन होतं. सोबत सुबाभळीचा पाला, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी. व्याल्यावरही खुराक बंद केला नाही, थोडा वाढवलाच, कारण दोन करडांना पाजायचं होतं.

परवा बकरी व्याली. दोन्ही करडं लवकरच उभी राहिली. तासाभरात फुफीने त्यांना सडाला लावलं. आजाराशी लढायची ताकद करडाला आईच्या पोटातून मिळत नाही, ती चिकातूनच येते. एका बकरीवरून नियम ठरत नाही, हे मला कळतं. पण कास भरलेली होती.

फुफी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आम्हालाही असंच अर्धपोटी ठेवायचे गं. बाळ मोठं होईल म्हणून."

फुफीचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. मी काही बोलले नाही.

गरोदर बाईला त्रास होणार असेल तर रोजा नंतर ठेवायची सवलत दीनने दिली आहे. ती सवलत आपल्याला पाठ असते. पण घरातली सून रोज काय जेवते, हे आपण पाहतो का? या ईदला बोकडाची किंमत विचारताना एवढं आठवलं तरी पुरे.